रोमानोव्ह घराणं आणि कादंबरीकार: एका जुन्या ओढीची पार्श्वभूमी

१९ डिसेंबर १८९० रोजी सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात चायकोव्हस्कीच्या ‘इस्पिकची राणी’ या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला. त्यात एका बड्या सरदाराच्या वाड्यावर मुखवट्यांच्या नाचाची मैफल रंगते आणि ऐन रंगात वर्दी येते की खुद्द सम्राज्ञी, थोरली कॅथरिन, येत आहे. पाहुण्यांची धांदल उडते, दोन्ही बाजूंना रांगा लागतात, बायका लवून उभ्या राहतात, वृंदगान टिपेला पोचतं, सगळ्यांच्या नजरा दाराकडे लागतात. आणि पडदा पडतो. राणी काही दिसत नाही.

हे दिग्दर्शकाचं कौशल्य नव्हतं, सरकारी नियम होता. गादीवर असलेल्या रोमानोव्ह घराण्यातला राजा किंवा राणी रंगमंचावर आणायची नाही! कॅथरिनला जाऊन तेव्हा ९४ वर्षं झाली होती, तरी नाही. त्याआधीच्या घराण्यांतले राजे नाटकात चालत. पण १८३७ साली पहिल्या निकोलसने ऑपेरातून त्यांनाही मज्जाव केला होता. मुकुटधारी माणूस एकाएकी गाणं म्हणू लागला तर ते शोभायचं कसं, ही अडचण. मुसोर्गस्कीच्या ‘बोरिस गोदुनोव्ह’ला त्यासाठी खास परवानगी लागली.

रशियन राजघराण्यावरच्या कादंबऱ्या जगभर खपतात, त्याची कारणं विचारली की ठरलेली यादी पुढे येते: हिरे, बर्फ, घोड्यांच्या घसरगाड्या, शेवटच्या दरबारात वजन असलेला साधू रासपुतीन आणि शेवटी राजकुटुंबाला गोळ्या घातल्या ते तळघर. यादी खोटी नाही. पण हिरे काय फक्त रोमानोव्हांकडेच होते? ऑस्ट्रियाचं हॅब्सबर्ग घराणं जास्त जुनं, तिथेही खून आणि आत्महत्या झाल्या. तरी वाचकाची ओढ रशियाकडे जास्त. मला विचाराल तर याचं मूळ दरबाराच्या श्रीमंतीत नाही, दरबाराच्या खोटेपणात आहे. आपल्या माणसांच्या मृत्यूबद्दल या दरबाराने वेळोवेळी जी निवेदनं काढली, ती इतकी कच्ची होती की ऐकणारा मनाशीच म्हणे, छे, काहीतरी वेगळंच घडलं असणार. या ‘वेगळ्याच’चा पहिला फायदा तोतयांनी घेतला. कादंबरीकार त्यांच्या मागून आले.

सुरुवात रोमानोव्ह गादीवर येण्याच्या आधीच झाली. मे १५९१ मध्ये व्होल्गाकाठच्या उग्लिच गावात इव्हान ‘द टेरिबल’चा आठ वर्षांचा धाकटा मुलगा द्मित्री गळ्यावर सुरीची जखम होऊन मेला. मुलाच्या आईकडच्यांनी खून झाल्याचा आरडाओरडा केला, गावातली घंटा बडवली गेली, चिडलेल्या गावकऱ्यांनी सरकारी माणसांना ठार मारलं. मॉस्कोहून चौकशी मंडळ आलं, प्रमुख वासिली शुइस्की. निष्कर्ष असा की मुलगा सुरीने खेळत होता, खेळताखेळता त्याला फेफरं आलं आणि तो सुरीवरच पडला. गावकऱ्यांना शिक्षा झाल्या. घंटेलाही झाली. तिची जीभ काढून तिला सैबेरियात, तोबोल्स्कला, हद्दपार करण्यात आलं. ती परत आली १८९२ साली.

या शुइस्कीचं पुढचं चरित्र पाहिलं की कादंबरीकारांना दोष द्यावासा वाटत नाही. १६०५ साली आपणच द्मित्री, आपण वाचलो, असं म्हणणारा एक तरुण पोलिश सैन्य घेऊन मॉस्कोला आला. तेव्हा शुइस्कीने सांगितलं, खरं आहे, राजपुत्र वाचला होता. वर्षभरात त्या तरुणाचा खून करून शुइस्की स्वतः झार झाला आणि म्हणू लागला, राजपुत्र मेला होता आणि आधीचा झार बोरिस गोदुनोव्ह यानेच त्याला मारवलं होतं. एकाच मृत्यूबद्दल चौकशी अधिकाऱ्याचे तीन जबाब! मुलाच्या आईने तर त्या तरुणाला भर लोकांत पोटाशी धरलं आणि तो मारला गेल्यावर तो माझा नव्हेच असं सांगितलं. त्याच्यानंतर आणखी दोन द्मित्री उगवले. या गोंधळातून १६१३ साली कोस्त्रोमाच्या इपात्येव्ह मठात राहणाऱ्या १६ वर्षांच्या मिखाइल रोमानोव्हला झार म्हणून निवडलं गेलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या तोतयाच्या तीन-एक वर्षांच्या पोराला मॉस्कोत फासावर दिलं. नव्या घराण्याची ही सुरुवात.

अठराव्या शतकात कथेला लागणारा सगळा शिधा एका कायद्याने भरून ठेवला. पीटर द ग्रेटचं मोठ्या मुलाशी, अलेक्सेईशी, वैर. अलेक्सेई १७१८ साली तुरुंगात, छळानंतर मेला. पुढे १७२२ साली पीटरने वारसाहक्काची जुनी रीत मोडून कायदा केला की गादीवर कोण येणार हे बसलेला झार ठरवील. स्वतः मात्र १७२५ साली कुणाचंच नाव न सांगता मेला. मग ठरवायचं कोणी? राजवाड्याच्या पहाऱ्यावरच्या पलटणींनी. पुढची सत्तर वर्षं या पलटणी ज्याच्या किंवा जिच्या बाजूने, गादी तिची. चार बायका गादीवर आल्या. सहावा इव्हान तान्हेपणीच झार झाला, वर्षभरानंतर पदच्युत झाला, वाढला कोठडीत आणि १७६४ साली श्लिसेलबुर्गच्या किल्ल्यात पहारेकऱ्यांनीच त्याला भोसकलं. कल्पनाशक्ती वापरायला लेखकाला जागाच उरू नये असा हा काळ.

त्यातली एकच गोष्ट जरा जवळून पाहू. १७३९-४० चा हिवाळा कडाक्याचा होता. सम्राज्ञी आन्नाच्या दरबारी प्रिन्स मिखाइल गोलित्सिन नावाचा खानदानी सरदार होता. कॅथलिक इटालियन बाईशी लग्न केल्याच्या अपराधाबद्दल त्याला दरबारी विदूषक केलेलं होतं. सम्राज्ञीने त्याचं दुसरं लग्न आपल्या पदरच्या एका काल्मिक बाईशी लावायचं ठरवलं आणि वरातीनंतरच्या रात्रीसाठी नेव्हा नदीजवळ, विंटर पॅलेस आणि अ‍ॅडमिरल्टी यांच्या मधे, बर्फाचा वाडा उभारला. बर्फाच्या लाद्या कापून त्यावर पाणी ओतायचं, की झाला सांधा पक्का. आत बर्फाचा पलंग, बर्फाच्या उशा, बर्फाच्या रात्रटोप्या आणि सपाता. टेबलावर पत्त्यांचा डाव मांडून गोठवलेला. चुलाण्यात बर्फाची लाकडं, त्यांना नाफ्था फासून पेटवत. बाहेर खराखुरा बार काढणाऱ्या बर्फाच्या तोफा, आणि खऱ्या हत्तीएवढा बर्फाचा हत्ती. दिवसा त्याच्या सोंडेतून पाण्याचा फवारा उडे, रात्री जळता नाफ्था. त्याच्या पोटात माणूस बसवून हत्तीसारखा आवाजही काढवत. नवरा-नवरीला खऱ्या हत्तीवर पिंजऱ्यात बसवून मिरवलं, वाड्यात सोडलं आणि सकाळपर्यंत बाहेर पडू नयेत म्हणून दारावर पहारा ठेवला. दोघंही जगली. वाड्याचा आराखडा करणाऱ्या येरोप्किनचं डोकं मात्र त्याच वर्षी राजकीय खटल्यात उडालं, आणि लग्नाचा सोहळा पार पाडणारा मंत्री वोलिन्स्की याचंही.

विज्ञान अकादमीच्या क्राफ्ट या प्राध्यापकाने या वाड्याचं मोजमापांसकट वर्णन छापून ठेवलं होतं, म्हणूनच हे सगळं आपल्याला इतक्या तपशिलात माहीत आहे. जवळजवळ शंभर वर्षांनी, १८३५ साली, इव्हान लाझेच्निकोव्ह याने ‘बर्फाचा वाडा’ ही कादंबरी लिहिली. ती तुफान गाजली. त्याने वोलिन्स्कीला देशभक्त नायक केलं आणि कवी त्रेद्याकोव्हस्कीला हास्यास्पद खुशमस्कऱ्या. प्रत्यक्षात त्या लग्नाच्या वेळी वोलिन्स्कीने या कवीला मारहाण करून कविता म्हणायला लावली होती. पुश्किनने लाझेच्निकोव्हला पत्र पाठवून कादंबरीचं कौतुक केलं, पण ऐतिहासिक सत्य यात पाळलेलं नाही आणि त्रेद्याकोव्हस्कीवर अन्याय झाला आहे, हेही सुनावलं. ऐतिहासिक कादंबरीत किती मीठ घालायचं याचा वाद रशियात तेव्हापासूनचा आहे. (आपल्याकडचा वाद काही फार वेगळा नाही, फक्त पत्रं इतकी सभ्य नसतात.)

मग आली थोरली कॅथरिन. जर्मनीतल्या एका चिमुकल्या संस्थानाची मुलगी, १४ वर्षांची असताना रशियात आली, १६ व्या वर्षी लग्न, १७६२ च्या उन्हाळ्यात पलटणींच्या जोरावर नवऱ्याला, तिसऱ्या पीटरला, गादीवरून खाली ओढलं. आठवड्याभरातच पीटर रोप्शाच्या वाड्यात कैदेत मेला. जाहीरनाम्यात कारण दिलं होतं मूळव्याधीने उठलेल्या पोटशुळाचं. युरोपभर हसू झालं. फ्रेंच तत्त्वज्ञ दालाँबेरला कॅथरिनने युवराजाचा शिक्षक म्हणून बोलावलं, तेव्हा त्याने व्होल्तेरला लिहिलं की मला मूळव्याधीचा त्रास आहे आणि त्या देशात हा आजार फारच गंभीर दिसतो.

हसण्यावारी नेण्यासारखं हे प्रकरण नव्हतं. राजा असा मरत नाही, हे खेड्यापाड्यातल्या लोकांनाही कळत होतं. ठिकठिकाणी तिसरे पीटर उगवू लागले. त्यातला येमेल्यान पुगाचोव्ह हा डॉन नदीकाठचा कोसॅक. १७७३ साली त्याने कोसॅक, बश्कीर, कारखान्यांतले वेठबिगार, पळालेली कुळं यांना गोळा करून उरल-व्होल्गाचा मुलूख पेटवला. जानेवारी १७७५ मध्ये मॉस्कोत त्याचा शिरच्छेद झाला. तो बंडाच्या धामधुमीत असताना इकडे पुण्यातही हेच दुखणं होतं. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या मृत्यूबद्दल शंका उरली होती, पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करलं नव्हतं. त्या फटीतून निघालेल्या तोतयाने १७७६ साली कोकणात किल्ले घेतले, सरदार वळवले आणि त्याच वर्षी पुणे दरबाराने त्याला देहान्त दिला. न. चिं. केळकरांनी त्यावर नाटक लिहिलं, त्यामुळे मराठी वाचकाला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. दोन्हीकडे कारण एकच. राजघराण्यातलं मरण लोकांना पटेल अशा रीतीने समोर आलं नाही.

कॅथरिनच्याच काळात, स्वतःला सम्राज्ञी एलिझाबेथची मुलगी म्हणवणारी एक तरुणी युरोपात हिंडत होती. तिला आज जग प्रिन्सेस ताराकानोव्हा म्हणून ओळखतं. कॅथरिनचा विश्वासू सरदार अलेक्सेई ओर्लोव्ह याने प्रेमाचं नाटक करून तिला इटलीच्या लिव्होर्नो बंदरात रशियन जहाजावर चढवलं आणि कैद केलं. पीटर अँड पॉल किल्ल्यात ती क्षयाने मेली, १७७५ साली. पण १८६४ साली फ्लावित्स्की या चित्रकाराने तिला दाखवलं ते कोठडीत पुराचं पाणी चढत असताना, पलंगावर उभी, पायाशी उंदीर. तो पूर १७७७ चा, तिच्या मृत्यूनंतरचा. आजही रशियन माणसाला विचारा, बहुतेक जण ती बुडून मेली असंच सांगतील. चित्रासमोर कागदपत्रांचं काय चालणार?

पुश्किन मात्र कागदपत्रांमागे लागला. त्याच्या ‘बोरिस गोदुनोव्ह’ नाटकाची कहाणी सगळ्यांत गमतीची. १८२५ साली लिहिलेलं हे नाटक पहिल्या निकोलसने, जो स्वतःच पुश्किनचा सेन्सॉर झाला होता, परत पाठवलं. शेरा असा की लेखकाने जरूर ती साफसफाई करून याची वॉल्टर स्कॉटच्या धर्तीवर ऐतिहासिक कादंबरी करावी. म्हणजे राजघराण्यावर ऐतिहासिक कादंबरी लिहा ही सूचना खुद्द झाराची! पुश्किनने नाटकाची कादंबरी केली नाही. पण १८३३ साली तो पुगाचोव्हची माहिती गोळा करायला कझान आणि ओरेनबुर्गला गेला. बेर्दा या कोसॅक वस्तीत एका म्हातारीने त्याला बंडाच्या आठवणी सांगितल्या, गाणी म्हणून दाखवली. खूश होऊन त्याने तिला सोन्याचं नाणं दिलं. दुसऱ्या दिवशी गावकरी तिला घेऊन ओरेनबुर्गच्या अधिकाऱ्यांकडे हजर. काळा, कुरळ्या केसांचा, बोटांना नखांऐवजी नख्या असलेला कुणी परका माणूस आला होता, पुगाचोव्हबद्दल विचारत होता, सोनं वाटत होता. हा नक्कीच सैतानाचा अवतार! पुश्किन नखं लांब वाढवत असे, हे गावकऱ्यांना कोण सांगणार?

या फेरीतून दोन पुस्तकं झाली. पहिलं इतिहासाचं. त्याचं नाव झाराने ‘पुगाचोव्हचा इतिहास’वरून ‘पुगाचोव्हच्या बंडाचा इतिहास’ असं करायला लावलं, कारण असल्या गुन्हेगाराला इतिहास असतोच कुठे? दुसरी कादंबरी, ‘कॅप्टनची मुलगी’ (१८३६). तिच्या शेवटी माशा नावाची साधी मुलगी आपल्या वाग्दत्त वराच्या सुटकेसाठी त्सारस्कोये सेलोला जाते. सकाळी बागेत तिला एक प्रौढ बाई भेटते. अंगात पांढरा सकाळचा पोशाख, डोक्यावर रात्रीची टोपी, वर बिनबाह्यांची उबदार बंडी, सोबत छोटी कुत्री. माशा तिला आपली सगळी कर्मकहाणी सांगते, आणि ती बाई म्हणजे कॅथरिन, हे तिला राजवाड्यात बोलावणं आल्यावर कळतं. बोरोविकोव्हस्कीने काढलेल्या कॅथरिनच्या प्रसिद्ध चित्रात ती अशीच कुत्र्यासोबत बागेत फिरताना दिसते. प्रसंगाची कल्पना स्कॉटकडून उचलली आहे, पण राजदरबारावरच्या कादंबऱ्यांची सगळी पुढची वाट या बागेतून जाते. राणीला सिंहासनावर दाखवायचं नाही. रात्रीच्या टोपीत दाखवायचं, आणि जिला ओळख पटत नाही अशा मुलीच्या नजरेतून.

कॅथरिनचं स्वतःचं आत्मकथनही होतं, फ्रेंचमध्ये लिहिलेलं आणि राजघराण्याच्या दप्तरात मोहोरबंद. त्यात मुलगा पॉल नवऱ्यापासून झालेला नसावा, असं सूचित होतं. तसं असेल तर पुढचे सगळे झार नावापुरतेच रोमानोव्ह. त्याच्या चोरून केलेल्या नकला फिरत, पुश्किनकडेही एक होती. पुश्किनच्या मृत्यूनंतर त्याच्या कागदपत्रांची झडती झाली, तेव्हा ती नक्कल झाराकडे गेली. १८५९ साली परदेशात राहणाऱ्या हेर्झेन या रशियन लेखकाने ते आत्मकथन लंडनमध्ये छापलं आणि दरबाराला ते रोखता आलं नाही.

पॉलचा शेवटही ठरलेल्या रीतीने झाला. मार्च १८०१ मध्ये सरदारांनी त्याला झोपायच्या खोलीत ठार मारलं. सरकारी कारण झटका. हे कारण सरकारने १९०५ पर्यंत सोडलं नाही. त्याच्या राजवटीवर रशियन भाषेतली सगळ्यांत धारदार गोष्ट युरी तिन्यानोव्हने १९२८ साली लिहिली: कारकुनाच्या चुकीने सरकारी हुकमात एक नसलेला लेफ्टनंट जन्म घेतो आणि झारासमोर चूक कबूल करायची कुणाची छाती नसल्याने तो बढत्या मिळवत जनरल होतो. तिन्यानोव्ह म्हणे, कागदपत्रं संपतात तिथे मी सुरू होतो. पुढे तो हेही सांगे की दिखाऊ कागदपत्रंही असतात आणि ती माणसांसारखीच खोटं बोलतात. रशियन दरबारावर लिहिणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी शिकावं लागतं.

पॉलचा मुलगा पहिला अलेक्झांडर. नेपोलियनला हरवणारा. १८२५ साली दूरच्या तागानरोगला तापाने मेला, शवपेटी बंद ठेवली गेली. लगेच कुजबुज सुरू, झार मेलेला नाही, राज्य सोडून निघून गेला. पुढे सैबेरियात तोम्स्कजवळ फ्योदोर कुझ्मिच नावाचा एक वृद्ध साधू राहत होता. उंच, सुशिक्षित, स्वतःच्या पूर्वायुष्याबद्दल अवाक्षर न काढणारा. तो १८६४ साली वारला. हा झारच, असं मानणारे आजही आहेत. टॉलस्टॉयला ही दंतकथा इतकी आवडली की त्याने या साधूच्या नावे आत्मकथन लिहायला घेतलं, ते अपुरं राहिलं. दंतकथा खरी नाही हे त्याला कळत होतं. पण राजा स्वतःचं ओझं टाकून चालता झाला, ही कल्पना घर सोडून जाण्याचे मनसुबे वर्षानुवर्षं करणाऱ्या टॉलस्टॉयला कशी सोडवणार?

परदेशी लेखकांना सेन्सॉर नव्हता, त्यामुळे त्यांनी जास्त मजा केली. अलेक्झांडर द्यूमाने १८४० साली ‘ल मेत्र दार्म’ ही कादंबरी लिहिली. विषय झाराविरुद्धच्या १८२५ च्या डिसेंबर बंडातला आनेन्कोव्ह आणि त्याच्यामागे सैबेरियात जाऊन लग्न करणारी फ्रेंच तरुणी पोलीन. रशियात कादंबरीवर बंदी आली. झारीण ती चोरून वाचत असताना झार अचानक आत आला, असा किस्सा द्यूमानेच लिहून ठेवला आहे. द्यूमाचा किस्सा म्हणून जेवढा विश्वास ठेवायचा तेवढा ठेवावा. पुढे १८५८ साली तो रशियात फिरला तेव्हा त्याची त्या नवरा-बायकोशी भेटही झाली.

क्रांतीनंतर विषय जगाच्या बाजारात आला. १९३२ साली हॉलिवुडमधल्या एमजीएमने रासपुतीनवर चित्रपट काढला. रासपुतीनला मारणारा प्रिन्स युसुपोव्ह आणि त्याची बायको इरिना दोघंही तेव्हा परदेशात जिवंत होती. चित्रपटातल्या एका राजकन्येवर रासपुतीन अत्याचार करतो असं सूचित होतं. इरिनाने ती राजकन्या म्हणजे आपणच असं म्हणत लंडनच्या कोर्टात दावा लावला आणि १९३४ साली २५,००० पौंड जिंकले. यातील पात्रं काल्पनिक असून साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा, ही जी पाटी आपण मराठी मालिकांच्या आधीही रोज पाहतो, ती रुजण्यामागे हा खटला एक मोठं कारण मानला जातो.

आणि तळघर. १७ जुलै १९१८ च्या पहाटे येकातेरिनबुर्गच्या इपात्येव्ह घरात शेवटचा झार दुसरा निकोलस, त्याची बायको अलेक्झांड्रा, चार मुली, मुलगा अलेक्सेई, त्यांचा डॉक्टर आणि तीन नोकर अशा अकरा जणांना गोळ्या घातल्या गेल्या. घराण्याची सुरुवात इपात्येव्ह मठात आणि शेवट इपात्येव्ह घरात, हा योगायोग कादंबरीत घातला असता तर संपादकाने काटला असता. नव्या सरकारने निवेदन काढलं की निकोलसला गोळी घातली, बायको आणि मुलाला सुरक्षित जागी हलवलं आहे. झारांची जुनी खोड बोल्शेविकांनी जशीच्या तशी उचलली, आणि फळही तेच मिळालं. फेब्रुवारी १९२० मध्ये बर्लिनच्या एका कालव्यातून बाहेर काढलेली तरुणी पुढे आपण झाराची धाकटी मुलगी अनास्तासिया आहोत असं सांगू लागली. तिच्यावर खटले झाले, नाटक झालं, १९५६ साली चित्रपट झाला आणि त्यासाठी इनग्रिड बर्गमनला ऑस्करही मिळालं. बाई १९८४ साली अमेरिकेत वारली. इस्पितळात जपून ठेवलेल्या तिच्या शरीराच्या तुकड्याची १९९४ साली डीएनए तपासणी झाली आणि ती पोलंडकडची एक कारखान्यातली कामगार होती असं निघालं.

राजकुटुंबाची हाडं ओळखायची कहाणी तर कुठल्याही कादंबरीला लाजवील, आणि तिचा एक धागा मुंबईतून जातो. अवशेष १९९१ साली बाहेर काढले. अलेक्झांड्राची ओळख इंग्लंडच्या प्रिन्स फिलिपच्या रक्तावरून पटली, कारण दोघांचं आईकडचं मूळ एक. निकोलसच्या डीएनएमध्ये मात्र एक विसंगती निघाली आणि शंकेखोरांना जोर आला. मग १९९४ साली त्याच्या धाकट्या भावाची, जॉर्जची, कबर उघडली. जॉर्जच्या हाडांतही नेमकी तीच विसंगती सापडली आणि प्रश्न मिटला. हा जॉर्ज डिसेंबर १८९० मध्ये निकोलससोबत पूर्वेच्या प्रवासाला निघून मुंबईला आला होता. छातीचा आजार बळावल्याने त्याला मुंबईहूनच परत पाठवलं. निकोलस पुढे गेला. जॉर्ज १८९९ साली क्षयाने वारला.

सोव्हिएत काळात झारांवर लिहिणं बंद झालं असेल असं वाटतं, पण तसं नाही. स्टालिनला दोन झार आवडत, इव्हान आणि पीटर. अलेक्सेई टॉलस्टॉय हा (वर आलेला टॉलस्टॉय नव्हे) उमराव घराण्यातला लेखक परदेशातून १९२३ साली परत आला. त्याने १९१८ साली पीटरला भेसूर रंगात रंगवलं होतं. तोच पीटर पुढच्या मोठ्या कादंबरीत राष्ट्रनिर्माता झाला, आणि १९४१ साली तिला स्टालिन पारितोषिक मिळालं. आयझेनस्टाइनच्या इव्हानवरच्या चित्रपटाचा पहिला भाग गौरवला गेला, दुसऱ्यावर बंदी आली. फेब्रुवारी १९४७ मध्ये क्रेमलिनमध्ये बोलावून स्टालिनने त्याला समजावलं की इव्हान क्रूर होता हे दाखवा, पण क्रूर का व्हावं लागलं तेही दाखवा. त्याची खरी चूक म्हणजे त्याने पाच मोठी सरदार घराणी संपवायची ठेवली. दुसरा भाग १९५८ साली, दोघंही गेल्यावर, प्रदर्शित झाला.

शेवटच्या झाराला २००० साली रशियन चर्चने संत ठरवलं आणि कादंबरीकारांची अडचण नव्याने सुरू झाली. २०१७ साली तरुण निकोलस आणि बॅले नर्तिका मातिल्दा क्षेसिन्स्काया यांच्या प्रेमावर चित्रपट आला. प्रकरण खरं, दोघांच्या रोजनिशीत नोंदलेलं. पण संताचं प्रेमप्रकरण दाखवायचं म्हणजे काय! खासदार पोक्लोन्स्कायाने मोहीम उघडली, दिग्दर्शक उचितेलच्या स्टुडिओवर पेटत्या बाटल्या फेकल्या गेल्या, येकातेरिनबुर्गमध्ये एकाने चित्रपटगृहात गाडी घुसवून आग लावली. मराठी वाचकाला यात नवीन काही वाटणार नाही.

बाजारात आज सगळ्यांत जास्त चालतं ते दारात उभं राहिलेल्या माणसाचं कथन. बोरिस अकुनिनच्या ‘राज्याभिषेक’ (२०००) या कादंबरीत १८९६ चा सोहळा आणि खोदिन्का मैदानावरची चेंगराचेंगरी सांगतो तो राजघराण्यातला बटलर. इतरत्र दासी, शिक्षिका, डॉक्टर. पुश्किनच्या बागेतली युक्तीच ही. वाचक स्वतः राजा नसतो, त्यामुळे त्याला राजाच्या डोक्यात शिरण्यापेक्षा ट्रे घेऊन आत जाणाऱ्याच्या मागून डोकावणं जास्त पटतं. राजाच्या डोक्यातलं सांगू पाहणाऱ्या कादंबऱ्या बहुधा भाषणबाज होतात, हे माझं मत.

तळघरातल्या रात्रीच्या कादंबरीसाठी असा माणूस इतिहासानेच ठेवला आहे. स्वयंपाकघरात हाताखाली काम करणारा लिओंका सेद्न्योव्ह, वय १४. हत्येच्या आदल्या दिवशी त्याला घरातून हलवलं. सांगितलं की काका भेटायला आला आहे. काकाला त्याआधीच गोळी घातलेली होती. अलेक्झांड्राची रोजनिशी इंग्रजीत असे. १६ जुलैच्या, म्हणजे शेवटच्या, नोंदीत ती लिहिते की लिओंकाला एकाएकी काकाकडे नेलं, हे खरं आहे का आणि पोरगा परत दिसेल का कुणास ठाऊक. पुढे पत्ते खेळल्याची, साडेदहाला झोपायला गेल्याची आणि १५ अंश तापमानाची नोंद. सरकारी निवेदनावर विश्वास बसेनासा झालेली ही बाई स्वतः बावीस वर्षं सम्राज्ञी होती. अमेरिकन लेखक रॉबर्ट अलेक्झांडरने २००३ साली नेमकी हीच जागा धरली. त्याच्या कादंबरीत शिकागोत राहणारा एक म्हातारा टेपरेकॉर्डरवर कबुलीजबाब देत सांगतो की तो स्वयंपाकघरातला पोरगा मीच. म्हणजे पुन्हा एकदा कुणीतरी म्हणतोय, मी वाचलो. तो खरं बोलतोय का, ते कादंबरी संपेपर्यंत कळत नाही.